मुदत संपलेलं नाव

मास्तरांशी मी जे वाक्य बोललो, ते बोलायला मला दोन सेकंदही लागले नसतील. दुपारची वेळ होती. मी जेवत होतो. फोन खांदा आणि कान यांच्यात धरला होता आणि उजव्या हाताने भातात माशाचं हुमण कालवत होतो. मास्तर म्हणाले, आपली वेबसाइट चार दिवस उघडत नाही, काय झालं असेल? मी म्हणालो, "सर, मुदत संपल्याची सूचना तुम्हाला आली असणार. तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

सूचना त्यांना आली नव्हती आणि ते काहीच विसरले नव्हते. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, कोण? मी म्हणालो, मास्तर, वेबसाइटची मुदत विसरले. तिने हळहळून आणखी एक बांगडा वाढला. तो मी खाल्ला. हे सगळं इतकं बारीकसारीक आठवतं याचं कारण नंतर मी ती दुपार फार वेळा मनात उलटसुलट केली आहे.

मी मूळचा पेडण्यातल्या इब्रामपूरचा. चौथीपर्यंत मास्तरांच्या शाळेत होतो. ते मारत नसत. त्यांची शिक्षा वेगळी होती. कोणी कोणाची पाटी फोडली आणि मास्तरांच्या टेबलाशी येऊन रडत कबूल केलं, तरी ते ऐकून घेत नसत. म्हणत, "मला कशाला सांगतोस? माझी कुठे फुटली? ज्याची फुटली त्याला सांग." मग सगळ्या वर्गाच्या देखत त्या मुलाच्या बाकापर्यंत चालत जावं लागे. मी दोनदा गेलो होतो. तेवढं अंतर मला अजून लांब वाटतं.

पुढे मी पाळीच्या एका खाणीवर वजनकाट्याच्या ऑफिसात लागलो. खनिजाचे ट्रक काट्यावर येत, मी कॉम्प्युटरवर नोंद करी. बिऱ्हाड डिचोलीत केलं. कॉम्प्युटर हाताळता हाताळता वेबसाइट कशा करतात तेही शिकलो.

मास्तर निवृत्त झाले आणि स्कूटर घेऊन पेडण्याची गावं फिरू लागले. ते गाऱ्हाणी गोळा करत होते. आमच्याकडे कोणतंही काम देवाच्या कानावर घालायचं तर गांवकार, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर उभा राहून ते मोठ्याने सांगतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. कोणाचं लग्न जमत नाही, कोणाची गाय सापडत नाही, कोणाला परदेशी जायचं आहे. प्रत्येक वाक्याला भोवतीची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. सुरुवातीला गांवकार गावाच्या सीमा आणि राखणदार एकेक करून उच्चारतो. कुठला व्हाळ, म्हणजे ओढा, कुठला माळ, कुठली उंचावरची मोरड, कुठल्या वडाखालचा देवचार. प्रत्येक गावाचं वेगळं. मास्तर देवभोळे नव्हते. मला म्हणाले होते, "देव ऐकतो की नाही ते मला ठाऊक नाही. मी ऐकतोय. ही भाषा माझ्यानंतर कोण बोलणार?"

रेकॉर्डिंग आणि लिहून काढलेली गाऱ्हाणी घेऊन ते माझ्याकडे आले. मी चार-पाच रविवार बसून त्यांची वेबसाइट केली. नाव त्यांनीच निवडलं. नाव घेताना एक ईमेल पत्ता द्यावा लागतो. मुदत संपत आली की सूचना त्या पत्त्यावर येते. मास्तरांना तेव्हा ईमेल नव्हता, तो त्यांनी पुढे फोनवर घेतला. मी माझा खाणीच्या ऑफिसचा पत्ता दिला आणि नाव पाच वर्षांसाठी घेतलं. सूचना मला येईल आणि मी बघेन, असं मी त्यांना सांगितलं होतं. ते बहुधा त्यांच्या लक्षात राहिलं नसावं, कारण त्यांना लक्षात ठेवायची गरजच नव्हती. ते माझं काम होतं.

मग खाणी बंद पडल्या. ऑफिसला कुलूप लागलं, ऑफिसचा ईमेल बंद झाला आणि मी घरी बसलो.

त्या दिवसांत एका ओळखीच्याने मला वेबसाइटच्या नावांचा धंदा सांगितला. मोप्याला विमानतळ येणार हे पक्कं झालं होतं. तो म्हणाला, जमीन घ्यायला तुझ्याकडे पैसे नाहीत, पण नावं घेऊन ठेवायला कितीसे लागतात? गावांची नावं घे, पुढे होमस्टे जोड, टॅक्सी जोड, प्लॉट जोड. कोणीतरी येईल आणि विकत घेईल. मी वीस-बावीस नावं घेतली. कोणी आलं नाही. दोन वर्षं ती पडीक राहिली. उघडली तर कुठल्या तरी परक्या कंपनीच्या जाहिराती दिसत, त्यावर कोणी चुकून क्लिक केलं तर मला चहापुरतं काहीतरी मिळे.

पडीक नाव कसायला घेतलं पाहिजे, हे मग कळलं. त्यावर मजकूर हवा. लोक काय शोधतात ते बघायचं, ते शब्द घालून पानं लिहायची, आणि मजकुरात मधेमधे जाहिरातींना जागा सोडायची. मी डिचोलीत पंख्याखाली बसून चोपड्याच्या नदीवर लिहिलं. पुलावरून सूर्यास्त कसा दिसतो, शिणाणे, म्हणजे शिंपले, कुठे मिळतात, होडी तासावर कशी भाड्याने मिळते. चोपड्याला मी आयुष्यात दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा बसमधून. एके दिवशी वेबसाइटवर दिलेल्या नंबरावर फोन आला.

"तूं कोण रे बाबा, म्हज्या होडयेक भाडें लावपी?"

कोल्हापूरकडचं एक कुटुंब त्याच्या दारात उभं होतं. मोबाईलवर माझं पान दाखवून होडी मागत होतं. तो म्हणाला, होडी मासे धरायची आहे, त्यात जाळं आहे आणि कालचे खेकडे आहेत, यांना कुठे बसवू? मी माफी मागितली. तो म्हणाला, माफी त्यांची माग, पोरं लहान आहेत, उन्हात आली आहेत. मग त्याने त्यांना घरात बसवून पाणी दिलं, हे त्यानेच मला शिवी देत सांगितलं. मी ते वाक्य काढून टाकलं, पण पान तसंच ठेवलं. ते चांगलं चालत होतं.

या धंद्यात आणखी एक पायरी असते. नवीन नाव घेण्यापेक्षा जुनं, मुदत संपलेलं नाव घ्यावं. त्याला आधीपासून वाचक असतात, इतरांनी दिलेले दुवे असतात. अशा नावांची यादी रोज निघते. सकाळी चहात उंडो पाव बुडवत मी ती यादी बघत असे. एका सकाळी त्यात मास्तरांच्या वेबसाइटचं नाव दिसलं.

मुदत संपली म्हणून नाव लगेच सुटत नाही. मूळ मालकाला दोन महिन्यांहून अधिक सवड मिळते. तेवढ्यात पैसे भरले की झालं. त्या सगळ्या दिवसांत कधीही मी मास्तरांना एक फोन केला असता, कागदपत्रं पाठवून ईमेल पत्ता बदलून घेतला असता, तर काम झालं असतं. मी स्वतःला सांगितलं की ही कटकट मोठी आहे. सुटू दे, मी माझ्या नावावर घेतो आणि मास्तरांना देतो. कोणा परदेशी माणसाच्या हाती जाण्यापेक्षा बरं. हे मी स्वतःला रोज सांगत होतो. खरं कारण मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्या नावाला माझ्या बावीस नावांपेक्षा जास्त वाचक होते.

ते का, हे समजायला मला थोडा वेळ लागला. गाऱ्हाण्यांत गावच्या जागांची जुनी नावं होती. माळांची, मोरडींची, व्हाळांची. तीच नावं जमिनीच्या एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याच्या, उताऱ्यावर असतात. विमानतळामुळे पेडण्यातली जमीन बघायला लोक येऊ लागले होते. उताऱ्यावरचं नाव ते इंटरनेटवर टाकत, आणि ते नाव जगात फक्त मास्तरांच्या पानावर सापडे.

याच दिवसांत, सवडीची मुदत अजून शिल्लक असताना, मास्तरांचा तो फोन आला.

नाव सुटलं त्याच मिनिटाला मी ते घेतलं. जुनी पानं इंटरनेटवर जपून ठेवलेली असतात, तिथून उचलून परत लावली. रेकॉर्डिंग लावली नाहीत, ती फार जागा खातात. मास्तरांचं नाव काढलं. नाहीतर कोणी त्यांनाच फोन करून प्लॉट विचारला असता. राखणदारांच्या यादीशेजारी दलालांच्या जाहिराती लागल्या. महिन्याभरात ती वेबसाइट माझ्या बाकी सगळ्यांहून अधिक कमवू लागली. आमच्या घरातला गॅस आणि वीज तिच्यावर चालली.

मास्तरांनी ती पाहिली आणि पुन्हा फोन केला. "अरे, कोणीतरी नेलं. सगळी पानं आपलीच आहेत, शब्द न शब्द. फक्त मी नाही." मी म्हणालो, बाहेरची कंपनी असेल, शोध लागत नाही. मग तेच म्हणाले, चूक माझीच आहे. तू सांगितलंस तसं, सूचना आली असणार.

ते म्हणाले, चूक माझीच आहे. मी हो-नाही काही बोललो नाही.

इकडे माझ्या बायकोने एका लग्नात मास्तरांच्या सुनेला विचारलं होतं, मास्तर हल्ली विसरतात म्हणे? तिने काळजीनेच विचारलं. सुनेनेही काळजीनेच घेतलं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, घरात ती आणि सासरे दोघंच. घरी येऊन तिने मास्तरांना विचारलं, आणि ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, हो, वेबसाइटची मुदत विसरलो. तिथून ती मोजू लागली. चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही. दूधवाल्याला दोनदा तेच सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाच्या घरात हे होतं, पण आता त्याला एक सुरुवात मिळाली होती. तिने पासबुक स्वतःकडे घेतलं. गोळ्या ती मोजून देऊ लागली. पावसाळ्यानंतर एके दिवशी मास्तर उशिरा घरी आले, तेव्हा तिने स्कूटरची चावी काढून घेतली. गाऱ्हाण्यांसाठी फिरणं तिथे थांबलं.

हे मला तिनेच फोनवर सांगितलं. काजूचे दिवस सुरू झाले होते. ती म्हणाली, भाऊ, ते काहीच बोलत नाहीत, नुसते अंगणात बसतात. ती वेबसाइट मिळाली तर त्यांना उभारी येईल. सोमवारी गांवकारांना सांगून देवाकडे गाऱ्हाणं घालणार आहोत. तुम्ही यावं. देवाला हे नीट समजावून सांगायला हवं, आणि त्यातलं कळणारे तुम्हीच.

मी गेलो. न जाण्याचं कारण सुचलं नाही.

देवळात आम्ही चौघं होतो. गांवकार, मास्तर, सून आणि मी. नारळ ठेवला. गांवकार माझ्याहून थोडे वडील. त्यांनी आधी मला बाजूला घेतलं. मास्तरांची जी वस्तू गेली ती नेमकी काय, तिला काय म्हणू? मी म्हणालो, डोमेन. त्यांनी मान हलवली, असं देवाला कसं सांगू? मी म्हणालो, इंटरनेटवरची जागा म्हणा.

"जागा म्हटली की चारय शिमो सांगच्यो पडतत," गांवकार म्हणाले.

मास्तर मागून म्हणाले, "देवाला इंटरनेट कळत नाही असं मी म्हणत नाही. गांवकारांना कळत नाही, एवढंच."

सून हसली. गांवकारही हसले. मास्तर कितीतरी दिवसांनी असं काही बोलले, असं तिने मला हळूच सांगितलं. मग गांवकारांनी डोक्यावरचं फडकं नीट केलं, सीमा आणि राखणदार घेतले आणि बोलू लागले.

"देवा म्हाराजा, ह्या मास्तरान गांवांगांवांनी फिरान तुजीं गाऱ्हाणीं एकठांय केलीं."

"व्हय म्हाराजा."

"तीं ठेवपाची तेची जागा कोणे तरी आपल्या नांवार करून घेतल्या."

"व्हय म्हाराजा."

"जाणे घेतल्या, तेका बरी बुद्द दी. तोय तुजेंच लेकरूं. तेच्या घरादाराक, पोरांबाळांक कसलोच त्रास करूं नाका."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी शाप ऐकायच्या तयारीने उभा होतो. त्या वाक्याला सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" मीच म्हणालो. घरादाराचं नाव निघालं तेव्हा तोंडातून आपोआप गेलं.

"आनी देवा म्हाराजा, मास्तराचो विसर दूर कर."

सून म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिचा एकटीचाच आवाज आला. माझा फुटला नाही. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनीही साथ दिली नव्हती. ते खाली, स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत उभे होते. वर्गातून उठवून बाहेर उभं केलेलं मूल बघतं तसे.

त्याच संध्याकाळी मी जाहिराती काढल्या. माझ्याकडे डिस्कवर मूळ रेकॉर्डिंग होती, ती परत चढवली. मास्तरांचं नाव आणि फोटो होता तिथे लावला. चौथ्या दिवशी फोन करून सांगितलं, सर, त्या कंपनीने नाव सोडलं, मी लगेच धरलं, आता तुमच्या ईमेलवर करून देतो. ते म्हणाले, "बरं झालं." सुनेने फोन त्यांच्याकडून घेतला आणि ती रडली. गांवकारांनी गावभर सांगितलं. वस्तू इंटरनेटवरची असो की गोठ्यातली, देवाला सगळं सारखंच.

मला वाटलं, संपलं. चोरलेलं परत दिलं. माणूस असा हिशेब फार पटकन मांडतो.

दोनेक आठवड्यांनी ईमेलचं काम पुरं करायला मी इब्रामपूरला गेलो. मास्तर अंगणात बसले होते. स्कूटर सामानाच्या मांगराच्या सावलीत उभी होती आणि तिच्या सीटवर वाळत घातलेली पिशवी होती. मी सुनेला विचारलं, आता फिरायला जातात का? ती म्हणाली, "कुठे भाऊ. देवाने एक मागणं ऐकलं, आता दुसरं ऐकेल. विसर गेला की देईन चावी."

तेव्हा मला समजलं मी काय केलं होतं ते. एका गाऱ्हाण्यात दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक इतकी लख्ख पुरी झाली की दुसरीही खरीच ठरली. मी नाव परत देऊन मास्तरांचं विसरणं गावासमोर पक्कं करून ठेवलं होतं.

सुनेने आम्हा दोघांना स्टीलच्या पेल्यांत निरो आणून दिला, काजूच्या बोंडांचा ताजा रस, आणि ती आत गेली. मास्तरांनी पेला हातात धरून ठेवला. म्हणाले, "एक विचारू? मी फोनमधले सगळे मेल पाहिले. अगदी पहिल्यापासूनचे. ती सूचना कुठेच नाही. म्हणजे मी ती पुसून टाकली असणार, आणि पुसली हेही मला आठवत नाही. हे जास्त वाईट, नाही का?"

ते मला दोष देत नव्हते. डॉक्टरला विचारावं तसं विचारत होते.

मी म्हणालो, "सर, ती सूचना तुम्हाला आलीच नव्हती."

"तुला काय माहीत?"

"पत्ता माझा दिला होता. खाणीच्या ऑफिसचा. ऑफिस बंद झालं तेव्हा तोही बंद झाला."

ते माझ्याकडे वळले. "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

"आणि नाव कोणी नेलं?"

"मी."

त्यांनी पेला खाली ठेवला. अंगणात पडलेल्या बोंडांवर माश्या घोंघावत होत्या. मला वाटलं आता ते उठून जातील, किंवा मला जा म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मी फोन केला तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"मला लक्षात राहिलं नसेल असं म्हणालास, तेव्हाही?"

"तेव्हाही."

मी पुढे बोलू लागलो. खाणी बंद होत्या, घर चालवायचं होतं, असं काहीतरी. त्यांनी हात वर केला. शाळेत करायचे तसाच.

"मला कशाला सांगतोस? आत जा. तिला सांग. फुटलेली वस्तू तिच्याकडे आहे."

अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत पंधरा पावलं असतील. सून आदोळीवर नारळ खवत बसली होती. मी दारात उभा राहून सांगितलं, क्रमाने. पत्ता, यादी, दोन महिने वाट पाहिली ते, जेवताना बोललेलं वाक्य, बायकोला सांगितलं ते, जाहिराती, आणि कंपनीने नाव सोडलं हे खोटं. मधे कुठे थांबलो तर पुढचं बोलता येणार नाही म्हणून थांबलो नाही. तिचा हात चालू होता, मग तो थांबला.

ती म्हणाली, "मी त्यांना रोज गोळ्या मोजून देत होते. तळहातावर. पहिल्यांदा म्हणाले, मला येतात मोजता. नंतर काही बोललेच नाहीत."

मग ती उठली. हात पुसले. तांदळाचा डबा उघडून तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि स्कूटरची चावी काढली. चावीला तांदळाचा कोंडा लागला होता. माझ्या अंगाला अंग लागू नये अशी बाजूने ती बाहेर गेली आणि मास्तरांच्या खुर्चीच्या दांडीवर तिने चावी ठेवली. मास्तरांनी चावी लगेच उचलली नाही. कोंडा फुंकून टाकला, मग खिशात घातली.

मी निघालो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. आमच्याकडे या वेळेला दारातून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवून जा म्हणतात. मला कोणी म्हटलं नाही. पेल्यातला निरो तसाच राहिला होता.

डिचोलीला येऊन बायकोला सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी एकटी बसने इब्रामपूरला जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलेलं नाही. बाकीची नावं मी एकेक करून सोडून दिली, मुदत संपेल तशी. चोपड्याचं तेवढं ठेवलं. त्यासाठी तिकडे जाऊन आलो, त्या होडीवाल्याला भेटलो, आणि त्याच्या देखत नवीन पान लिहिलं. होडी भाड्याने मिळत नाही, हे त्याने पहिल्या ओळीत घालायला लावलं. हल्ली मी डिचोलीत एका हार्डवेअरच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो.

मास्तरांचा फोन येईल असं मला वाटलं नव्हतं. पाऊस सुरू व्हायच्या थोडं आधी आला. आवाजात राग नव्हता, जिव्हाळाही नव्हता. इब्रामपूरच्या पानावरच्या तिसऱ्या रेकॉर्डिंगखाली दुसऱ्याच गावाचा मजकूर लागला आहे, तो दुरुस्त कर, असं म्हणाले. मी केला. मग म्हणाले, सोमवारी ये. मागणं पुरं झालं की देवाला तसं सांगावं लागतं, दुसरा नारळ ठेवावा लागतो. गांवकार दोनदा विचारून गेले.

मी बसमधून उतरलो तेव्हा मास्तर स्कूटर घेऊन थांब्यावर उभे होते. "बस मागे," म्हणाले. मी नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. देवळात गांवकारांनी विचारलं, काय सांगू? मास्तर म्हणाले, "सांगा, जागा मिळाली. ज्याने नेली त्यानेच आणून दिली. आणि विसराचं म्हणाल तर ते मागणं मागे घेतो, त्याची जरूर नव्हती." गांवकारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. गाऱ्हाणं छोटं होतं. प्रत्येक वाक्याला मी साथ दिली, आणि शेवटच्या वाक्याला मास्तरांचाही आवाज आला.

परतताना चढ लागला. मास्तरांनी स्कूटर थांबवली. "दोघांना ओढणार नाही ती. उतर, चालत ये." मी उतरलो. ते पुढे, अगदी सावकाश, आणि मी मागून पिशवी घेऊन. चढ संपला तिथे ते माझ्यासाठी थांबले. तेव्हा मला दिसलं की स्कूटरचा डावा इंडिकेटर चालू आहे. देवळापासूनच चालू असावा. टक टक उघडझाप करत होता. रस्ता सरळ होता.

जीभ उचलली गेली होती. जेवताना फोनवर बोललेलं तेच वाक्य, तेच शब्द, तोंडाशी आले होते. मी ते गिळले.

"सर, इंडिकेटर चालू आहे," एवढंच म्हणालो.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "पुढे घराकडे वळायचं आहे. बस."

वळण अजून बरंच पुढे होतं. मी बसलो.